लदेणीच्या वाटेवरचा गड

मंगरुळपीर सोडून मानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की पाट्या जोडीजोडीने येऊ लागतात. आधी गावाचं नाव येतं, मग थोडं पुढे गेल्यावर त्याच गावाचा किंवा कुणा नायकाच्या नावाचा तांडा. गाव नाल्याच्या काठाला, काळ्या जमिनीत वसलेलं असतं. तांडा बहुतेक वेळा वरच्या अंगाला, जिथे मुरूम उघडा पडलाय अशा बरड माळावर. गाव आधी बसलं, त्याने पाण्याची आणि कसाची जमीन घेतली. तांडा मागाहून थांबला, त्याला उरलेली जागा मिळाली. वऱ्हाडच्या या भागाचा दीड-दोनशे वर्षांचा इतिहास रस्त्यावरच्या पाट्यांवरून वाचता येतो.

मी निघालो होतो पोहरादेवीला. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे लहानसं गाव. एरवी तिथे एसटीतून उतरणारी माणसं मोजकीच असतील, पण चैत्रातल्या रामनवमीला त्याच गावात लाखोंची यात्रा भरते. बंजारा समाजाची काशी अशी त्याची ओळख आहे, आणि समाजातली माणसं त्याला पोहरागड म्हणतात. मी वऱ्हाडातच वाढलो, वर्गात राठोड, चव्हाण, पवार, जाधव आडनावांची मुलं होती, त्यांच्या घरी रामनवमीच्या आधी आठवडाभर चालणारी निघण्याची धांदल मी पाहिलेली आहे. ती सगळी कुठे जातात ते आपल्या डोळ्यांनी पाहावं, ही ओढ तेव्हापासूनची.

जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग होते, पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट पायनघाट आणि दक्षिणेचा उंच बालाघाट. वाशीम हा बालाघाटाचा मुलूख. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, पण भूगोलाने तो आधीपासूनच वेगळा होता. इथे जमीन सारखी वरखाली होते. टेकडी संपते न संपते तोच नाला लागतो, नाला ओलांडला की पुन्हा चढ. चैत्रात पळस फुलून गेलेला असतो आणि त्याच्या बुंध्याशी वाळलेल्या पाकळ्यांचा तांबूस सडा असतो. मोहाखाली पहाटे फुलं वेचणाऱ्या बाया दिसतात. शेतं रिकामी असतात, सोयाबीन कधीच निघालेलं, तूर झोडपून झालेली, फक्त कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवलेल्या. दुपारी अकरानंतर या मोकळ्या रानातून ऊन असं येतं की जीपच्या काचेला हात लावता येत नाही.

मानोरा मागे पडलं आणि रस्ता एकदम भरला. ट्रॅक्टर, टेम्पो, मिनीबस, लक्झरी, दुचाकीवर तीन तीन माणसं, आणि या सगळ्यांच्या कडेने चालणाऱ्या पायी दिंड्या. दिंडीच्या पुढे पांढरा झेंडा. गाड्यांच्या पाट्या वाचत गेलो तर महाराष्ट्राच्या बरोबरीने कर्नाटकाच्या आणि तेलंगणाच्या गाड्या दिसत होत्या, अधूनमधून मध्य प्रदेशाची एखादी. एका टेम्पोत मागे ताडपत्री टाकून म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या, अंगावर आरशांची आणि कवड्यांची कांचळी, घेरदार फेटिया, डोक्यावरून पाठीवर उतरलेली भरतकामाची टुकरी, आणि कानांच्या बाजूंनी केसांत गुंफलेल्या, गालांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. ऊन त्या आरशांवर पडलं की मागच्या गाडीच्या चालकाला डोळे बारीक करावे लागत. त्यांच्याच शेजारी बसलेल्या सुना साडीत होत्या आणि नाती जीन्समध्ये. तीन पिढ्यांचे तीन पोशाख एकाच ताडपत्रीखाली.

पोहरागडाला तट नाही, बुरूज नाही, तोफ नाही. आजूबाजूच्या डोंगराळ रानात थोड्या उंचवट्यावर जगदंबेचं मंदिर आहे, सेवालाल महाराजांचं समाधी मंदिर आहे आणि त्यांच्याभोवती गाव आहे. रामनवमीला मात्र गाव दिसतच नाही, दिसतात त्या राहुट्या आणि ताडपत्र्या. मोकळं शेत दिसेल तिथे माणसं उतरलेली, तीन दगडांच्या चुली मांडलेल्या, काठवटीत ज्वारीचं पीठ मळलेलं. बंजाऱ्यांची ज्वारीची जाडसर भाकरी, म्हणजे बाटी, तव्यावरून थेट निखाऱ्यावर टाकली जात होती. पाण्याचे टँकर उभे होते आणि त्यांच्यापुढे हंड्यांच्या रांगा. मुक्कामाची ही पद्धत पाहताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. शहरी यात्रेकरूला मुक्काम म्हटलं की खोली लागते. इथे कुणी खोली शोधत नव्हतं. आल्याबरोबर बायांनी जागा पाहिली, सावली आणि वाऱ्याची दिशा पाहिली, दगड आणले आणि अर्ध्या तासात संसार उभा झाला. पिढ्यानपिढ्या जे हात रोज नव्या जागी हेच करत आले त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

दर्शनाची रांग लांब होती. आधी जगदंबा, मग सेवालाल महाराज. रांगेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी अशा चारही भाषा कानावर पडत होत्या, पण त्या पोलिसांशी, दुकानदाराशी, माझ्यासारख्याशी बोलण्यापुरत्या. आपसात सगळे गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत होते. अदिलाबादकडच्या तांड्यातली बाई आणि विजापूरकडच्या तांड्यातली बाई यांना एकमेकींची शाळेची भाषा येत नव्हती, तरी त्यांचं बोलणं कुठे अडत नव्हतं. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत. एका राज्यातला लिहिलेला कागद दुसऱ्या राज्यातल्या माणसाला वाचता येईलच असं नाही. तोंडून निघालेला शब्द मात्र सगळीकडे पोचतो. एवढ्या पसरलेल्या समाजाची बोली एक राहिली त्यामागे लग्नं आहेत, गाणी आहेत, आणि माझ्या मते ही यात्राही आहे. वर्षातून एकदा इतक्या लांबून येऊन लोक इथे बोलतात, भांडतात, गातात. बोलीच्या कडा पुन्हा जुळतात.

सेवालाल महाराज अठराव्या शतकातले. १५ फेब्रुवारी १७३९ हा त्यांचा जन्मदिवस मानला जातो आणि त्या तारखेला महाराष्ट्रात शासकीय पातळीवरही जयंती साजरी होते. जन्मस्थान आंध्र प्रदेशात, अनंतपूर जिल्ह्यात गुत्तीजवळ; आता त्याला सेवागड म्हणतात. वडील भीमा नायक, आई धरमणी. राठोड कुळातलं हे घर, हजारो गुरं बाळगणारं आणि लदेणी करणारं, म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलखामुलखांत नेणारं. समाजाच्या आठवणीत सेवालाल देवपूजा सांगत बसलेले दिसत नाहीत. ते तोळाराम घोड्यावर बसलेले असतात, सोबत गराशा नावाचा सांड असतो, हातात पांढरा झेंडा असतो आणि मागे तांडा चालत असतो. ते आजन्म अविवाहित राहिले. देवी त्यांना आपला भगत करायला मागते, ते नाकारतात, देवी गुरांवर संकटं आणते, शेवटी दोघांत समेट होतो, अशी कथा रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून वेगवेगळ्या तपशिलांनी ऐकायला मिळते. प्रत्येक जण ती कथा आपल्या तांड्याची म्हणून सांगतो.

मला त्यांच्या शिकवणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते समाजाच्या ओठांवर असलेलं एक वचन. आधी जाणून घ्या, मग चाळून-पाखडून पाहा, आणि पटलं तरच माना, असा त्याचा आशय. स्वतःच्या शब्दालाही त्यातून सूट न देणारा संत या माळरानावर, बैलांच्या धुळीत झाला. संतपरंपरेचा विचार करताना आपण देहू-आळंदी-पैठणच्या पलीकडे फारसे जात नाही, याचं इथे उभं राहून वाईट वाटतं. परंपरा सांगते की १८०६ मध्ये दिग्रसजवळच्या रुईला त्यांनी देह ठेवला आणि समाधी पोहरागडावर झाली. पोहरागड, उमरीगड, रुईगड अशी ही पवित्र ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि बहुतेक भाविक तिन्ही करूनच परततात.

ज्या काळात सेवालाल महाराज वावरले त्या काळाचं चित्र डोळ्यांपुढे आणलं तर या जागेचं महत्त्व वेगळ्याच प्रकाशात दिसतं. पक्के रस्ते नाहीत, रेल्वे नाही, चाकाची गाडी पावसाळ्यात निकामी. अशा देशात धान्य, मीठ, डाळी हजार हजार मैल कोण नेत होतं? बंजाऱ्यांचे तांडे. १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात प्रवास करणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला धान्याने लादलेला १४,००० बैलांचा एक तांडा भेटला होता. त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये १०-१२ हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहितो आणि असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला की तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावं लागे असंही सांगतो. तांडा रोज थोडंच चाले, बैल चरत चरत पुढे जात, आणि म्हणूनच वाहतुकीचा खर्च कमी पडे. चारा वाटेवरचा, मुक्काम उघड्यावर, कुटुंब सोबत. ज्याला आज आपण पुरवठा व्यवस्था म्हणतो ती या देशात काही शतकं चालत्या कुटुंबांनी चालवली.

याच मुलखातलं एक उदाहरण. पोहरादेवीच्या उत्तरेला, याच जिल्ह्यात कारंजा आहे, जुन्या वेशींचं, व्यापाराचं श्रीमंत गाव. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी कारंजा लुटलं तेव्हा लूट वाहून न्यायला ४,००० बैल आणि गाढवं लागली असं इतिहासकारांनी नोंदवलं आहे. त्या आकड्यावरून त्या काळी या भागात पाठीवरची वाहतूक किती मोठी असेल त्याचा अदमास येतो. सैन्यांना बंजाऱ्यांची फार गरज असे. मोगल असोत, निजाम असो, मराठे असोत, छावणीचं पोट तांड्यावर भरे, म्हणून लढणाऱ्या दोन्ही बाजू त्यांना हात लावत नसत. शहाजहानचा वजीर आसफखान दख्खनवर आला तेव्हाची जंगी आणि भंगी या राठोड भावांची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे लाखाच्या वर बैल होते आणि खानाने त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, अशी ती दंतकथा. पाणी हवं तर लोकांच्या रांजणातलं घ्या, चारा हवा तर छपराचं गवत काढा, आणि दिवसाला तीन खून माफ. वऱ्हाडच्या पोलिस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर जे टिपण लिहिलं त्यात ही कथा आहे. त्याच टिपणात सेवाभायाचाही, म्हणजे सेवालाल महाराजांचाही, उल्लेख येतो, आणि देवाचा म्हणून राखलेल्या, पाठीवर कधीही ओझं न घातलेल्या बैलाचाही. घरात कुणी आजारी पडलं की बंजारे त्या बैलाच्या पायाशी जात. पोलिस अधिकाऱ्याने संशयाच्या नजरेने लिहिलेल्या कागदात एका समाजाची श्रद्धा अशी जपली गेली.

१८०३ मध्ये दुसरं इंग्रज-मराठा युद्ध याच वऱ्हाडात संपत आलं. नोव्हेंबरच्या अखेरीस अकोल्याकडच्या अडगावला लढाई झाली, डिसेंबरच्या मध्यात गाविलगड पडला. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तो या मोहिमेत धान्यासाठी बंजाऱ्यांवर अवलंबून होता आणि त्याच्या पत्रांत त्यांची काळजी सारखी डोकावते. परंपरेचा सन धरला तर सेवालाल महाराज तेव्हा हयात होते. त्यांचे तांडे आणि ही सैन्यं याच दख्खनच्या वाटांवर होती. आज त्या वाटांवरून त्याच तांड्यांचे वंशज टेम्पोत बसून येतात. त्यांच्या पूर्वजांच्या बैलांशिवाय ती युद्धं लढता आली नसती हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत मला कधी वाचायला मिळालं नाही.

मग सगळं फार लवकर मोडलं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, कापसासाठी रेल्वे आली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. जो माल न्यायला तांड्याला महिने लागत तो दोन दिवसांत जाऊ लागला. जंगलं राखीव झाली, चराई बंद झाली. आणि १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. हळूहळू वेगवेगळ्या प्रांतांत अनेक फिरत्या समाजांवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का बसला. काल ज्यांच्याविना राजाची छावणी उपाशी राहायची ते आज पोलिसांच्या हजेरीपटावर आले. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. त्याला सत्तर वर्षांवर काळ गेला, तरी चोरी झाली की पहिला संशय तांड्याकडे जातो हे मी माझ्या लहानपणी ऐकलेलं आहे. तांडे थांबले ते असे, नाइलाजाने, जिथे बैल संपले तिथे. रस्त्यावरच्या त्या बरड माळावरच्या पाट्या म्हणजे तो थांबा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गडावर नगारा वाजू लागला. मोठा, जड आवाज, छातीत बसणारा. तांड्याची माणसं आपापले गट करून अरदास करत होती. हात जोडून, एका सुरात, देवीचं आणि सेवाभायाचं नाव घेऊन, सगळ्यांचं भलं कर, गुराढोरांचं भलं कर, किडामुंगीचंही भलं कर अशा अर्थाची ती प्रार्थना. पुरोहित मध्ये नसतो. तांड्यातला जाणता माणूस म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. मग कढईतला गोड भोग आणि चुलीवरचा धूर.

मला एका चुलीशी बसायला जागा मिळाली ती पुसदकडच्या एका कुटुंबामुळे. घरातल्या आजीने मला पाहिलं आणि वऱ्हाडीत विचारलं, “कोठून आले भाऊ? एकटेच हाय का?” मी सांगितलं. “बसा मंग. बाटी खाता का आमची?” त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता, मुलगा दर हंगामात ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातो. “दिवाळीनंतर तांडा खाली होते,” आजी म्हणाली, “म्हातारे आन् लेकरं राह्यतात. आता आमची लदेणी हेच.” ट्रॅक्टरने, ट्रकने ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. हे स्थलांतर पूर्वीच्या चालण्यासारखं नाही, कारण मालक दुसरा आहे आणि उचल आधीच डोक्यावर असते. आजीने हे एवढ्या शांतपणे सांगितलं की मला पुढे काही विचारवलं नाही.

शेजारच्या चुलीवर कर्नाटकातून आलेलं कुटुंब होतं, विजापूरच्या बाजूचं. दोन्ही घरांची ओळख इथेच काही वर्षांपूर्वी झालेली, आणि तेव्हापासून दर यात्रेला ते जवळजवळ उतरतात. त्यांच्यातला शिक्षक असलेला मुलगा आणि पुसदचा अभियांत्रिकीचा नातू यांच्यात आरक्षणावर बोलणं निघालं. कर्नाटकात बंजारा समाज अनुसूचित जातींत आहे, तेलंगणात आणि आंध्रात अनुसूचित जमातींत, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. एकच कूळ, एकच देव, एकच बोली, आणि राज्याची सीमा ओलांडली की सरकारी कागदावरची ओळख बदलते. नातू म्हणाला, “माझी आत्या तेलंगणात दिली. तिचा मुलगा एसटी, मी व्हीजे. एका ताटात जेवतो आम्ही.” महाराष्ट्रातल्या बंजाऱ्यांची आदिवासी यादीत घेण्याची मागणी जुनी आहे आणि आदिवासी समाजाचा तिला विरोध आहे, दोन्हीकडे गरीब माणसंच आहेत. हा गुंता मी सोडवू शकत नाही. पण राज्यांच्या रेषा आखताना ज्या समाजाचा देशच वाट होता त्याचा विचार कुणी केला नाही, एवढं मला त्या चुलीशी बसून स्पष्ट दिसलं.

पुसदचं नाव निघालं की वसंतराव नाईकांचं नाव निघतंच. पुसद तालुक्यातल्या गहुलीत १ जुलै १९१३ ला जन्मलेला तांड्याचा मुलगा डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळतात. आजीने त्यांना लहानपणी पाहिलं होतं. तिच्या सांगण्यात मुख्यमंत्रिपद कमी होतं, आणि त्यांच्यामुळे तांड्यातली पोरं शाळेत गेली हे जास्त होतं.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. पोहरादेवीच्या यात्रेत नवस फेडायला बोकडांचे बळी दिले जात आले आहेत आणि त्यावर बरीच वर्षं वाद आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी आणि समाजातल्याच कार्यकर्त्यांनी ही प्रथा थांबवण्यासाठी इथे येऊन प्रचार केला. मला त्यांची बाजू पटते. ज्याने पटलं तरच माना म्हटलं त्याच्या दारात हा प्रश्न विचारला जाणं योग्यच आहे. मात्र बाहेरून येऊन, नाक मुरडून तो विचारू नये. मटण महाग झालेल्या कष्टकरी घरात वर्षातून एकदा सगळ्या भावकीने मिळून जेवण्याचं निमित्त म्हणजेही तो नवस असतो, आणि ते निमित्त टिकवून रीत बदलता येते. काही कुटुंबं आता फक्त गोड भोग लावतात, हे मी पाहिलं. बदल असाच, आतून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामराव महाराजांच्या समाधीवर गेलो. गडाची गादी त्यांनी दीर्घकाळ सांभाळली. ऑक्टोबर २०२० मध्ये ते गेले तेव्हा करोनाच्या बंधनांतही माणसांचे लोंढे इकडे निघाले होते. समाजात त्यांना तपस्वी म्हणतात. पुसदच्या आजीचा मुलगा त्यांच्या शब्दाखातर दारू सोडून बसला होता आणि अशी माणसं मला त्या आवारात आणखीही भेटली. शिका, व्यसन सोडा, हुंडा घेऊ नका, हे सांगणाऱ्या बाबांची गादी असणं हे या यात्रेचं मोठं बळ आहे.

जवळच नगाऱ्याच्या आकाराची नवी वास्तू उभी आहे, बंजारा विरासत संग्रहालय. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं आणि त्या दिवशी त्यांनी स्वतः नगारा वाजवला. चार मजले, १३ दालनं. सेवालाल महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आणि उंच सेवाध्वजही याच काही वर्षांतला. पूर्वी ज्यांनी पोहरादेवी पाहिली त्यांना आज ती ओळखू येणार नाही. मला हे सगळं आवडलं. ज्यांचा इतिहास पोलिसांच्या नोंदवहीत आणि परक्या प्रवाशांच्या रोजनिशीत विखुरलेला होता त्यांच्यासाठी सरकारी पैशातून चार मजले उभे राहतात, यात न्याय आहे. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर त्यांचा देह गाडीतून नेऊन, स्वतःच्या घराला आग लावून अंत्यसंस्कार करणारा लखीशहा बंजारा किती मराठी मुलांना ठाऊक आहे? त्या जागी आज गुरुद्वारा रकाबगंज आहे, संसद भवनाशेजारी. अशा गोष्टी भिंतीवर आल्या पाहिजेत.

तरीही त्या दालनांपेक्षा बाहेरच्या वडाखाली बसलेल्या बायांपाशी मी जास्त वेळ रेंगाळलो. एका म्हातारीच्या मांडीवर टुकरीचं भरतकाम होतं. कवडी कुठे, आरसा कुठे, कोणत्या टाक्याचं काय नाव, हे ती नातीला दाखवत होती आणि नात ते मोबाइलवर चित्रित करत होती. जुनी फेटिया-कांचळी आता रोज घालणाऱ्या बाया फक्त वरच्या वयाच्या उरल्या आहेत. भरतकाम शहरांतल्या दुकानांत पर्सवर आणि उशीच्या अभ्र्यांवर विकलं जातं, तेव्हा ते कुणाच्या अंगावरचं होतं हे विकत घेणाऱ्याला माहीत नसतं. संग्रहालयाने या म्हाताऱ्यांना पगार देऊन शिकवायला बसवावं, असं मला तीव्रतेने वाटलं. काचेतला पोशाख काय होता ते सांगतो, तो शिवायचा कसा हे फक्त ती बाई सांगू शकते. होळीच्या लेंगी गाण्यांचं तेच, तीजेला टोपल्यांत गहू पेरून मुली जी गाणी म्हणतात त्यांचंही तेच.

उन्हं चढायच्या आत आम्ही उमरीला गेलो, पुसदच्या कुटुंबाच्या टेम्पोत मलाही जागा मिळाली. उमरीगडाला जेतालाल महाराज आणि सामकी माता यांची स्थानं आहेत. पोहरादेवी केली आणि उमरी राहिली तर यात्रा पुरी होत नाही, असं आजीचं मत. तिथली गर्दी थोडी कमी, सावली जास्त, आणि माणसांना बोलायला वेळ. बाया झाडाखाली गोलात बसल्या आणि खरी यात्रा इथे सुरू झाली असं मला वाटलं, कारण सगळीकडे चर्चा एकच होती, सोयरीक.

शेजारच्या चुलीच्या विजापूरकडच्या बाईंना नातीसाठी मुलगा पाहायचा होता. नात नर्सिंग शिकलेली, बेळगावला नोकरी. समोर नांदेडच्या बाजूचं एक कुटुंब होतं, मुलगा वनखात्यात. बोलणं छान रंगलं. मुलाचं शिक्षण झालं, मुलीचं झालं, कोण कुणाच्या तांड्याचं हेही निघालं. मग विजापूरकडच्या बाईंनी मुख्य प्रश्न विचारला, कोण तुम्ही? राठोड, उत्तर आलं. आणि सगळ्या गोलात हशा पिकला. त्याही राठोड होत्या. राठोडांचे २७ पाडे, म्हणजे पोटकुळं, पवारांचे १२, चव्हाणांचे ६, असा हिशोब प्रत्येक जाणत्या माणसाला तोंडपाठ असतो. पाडा कोणताही असो, राठोडांचं राठोडांशी लग्न होत नाही, ते भाऊबहीण. जो मुलगा क्षणापूर्वी जावई व्हायचा होता तो एकदम भाऊ झाला. त्याला जवळ बसवून त्यांनी हातावर भोगाचा शिरा ठेवला, आईवडिलांची चौकशी केली, फोन नंबर घेतला.

मग पदर सावरून त्या उठल्या आणि पलीकडच्या झाडाखाली तेलंगणाच्या पाटीची गाडी उभी होती तिकडे निघाल्या. जाता जाताच मोठ्याने विचारू लागल्या होत्या, तुमच्यात पवार कोण आहेत म्हणून.